गेम लावला की पीसी बंद पडतो? एसएमपीएस बदलण्याआधी हे तपासा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. भिंतीतली वीज पीसीला लागते तशी करून देणारा डबा म्हणजे एसएमपीएस. "भाऊ, गेम लावला का पीसी बंद पडते, एसएमपीएस बदलून द्या" ही तक्रार वर्षभर येते. हरभऱ्याचं ओलित सुरू झालं की ती वाढते आणि मे महिन्यात पुन्हा वाढते. बरीच पोरं तोवर स्वतःच एकदा एसएमपीएस बदलून मोकळी झालेली असतात. ४५० वॅटचा काढून ६५० चा बसवतात, तरी दुखणं जागच्या जागी. याचं कारण असं की आपल्याकडे दोष तीन ठिकाणी असू शकतो: गावच्या लाइनीत, घरच्या बोर्ड-अर्थिंग-इन्व्हर्टरमध्ये, नाहीतर खरोखरच एसएमपीएसमध्ये. मोठ्या शहरात बसून दिलेला सल्ला पहिल्या दोन गोष्टी ठीक आहेत असं धरून चालतो. आपल्याला तसं धरता येत नाही.

लक्षणं

तुमच्या पीसीला यातलं नेमकं काय होतं ते आधी ठरवा.

१. गेम सुरू होतो, ग्राफिक्स कार्डचे पंखे जोर धरतात आणि पीसी एकदम बंद. निळी स्क्रीन नाही, एरर नाही.

२. दुपारी तासन्‌तास चालतो, पण शेतातल्या मोटारी सुरू होण्याच्या वेळेला हमखास रिस्टार्ट होतो.

३. लाइन गेली की इन्व्हर्टरवर पंखा, बल्ब, टीव्ही सगळं चालू राहतं. पीसी तेवढा बसतो.

४. सकाळी पहिल्या दाबात सुरू होत नाही. दोन-तीनदा बटण दाबावं लागतं, एकदा सुरू झाला की मग दिवसभर ठीक.

५. गेम चालू असताना माउस-कीबोर्ड तुटून परत जोडले जातात, किंवा हार्ड डिस्क मध्येच गायब होते.

६. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात.

७. जळका वास, करकर आवाज, किंवा पीसी लावला की एमसीबी (मेन बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) पडतो. हे असेल तर पुढचं काहीही करू नका. प्लग काढा आणि "इथे थांबा" हा भाग वाचा.

कोडसह निळी स्क्रीन येत असेल तर बहुतेक वेळा रॅम किंवा ड्रायव्हरचा घोळ असतो. पडद्यावर रंगीत चौकोन, रेघा दिसत असतील तर ग्राफिक्स कार्डावर संशय घ्या. गेम नुसता अडखळत असेल, पीसी बंद होत नसेल, तर प्रोसेसर तापतोय का ते पाहा. या तिन्हींत एसएमपीएसवर पैसे घालू नका.

फुकटची तपासणी: वेळ लिहा

चार-पाच दिवस एका वहीत लिहा: किती वाजता बंद पडला, तेव्हा गेम चालू होता का, घरात कूलर किंवा मोटर सुरू झाली का, बल्ब मंद झाला का. पोरांना याचा कंटाळा येतो, पण निम्मं निदान इथेच होतं. बंद पडण्याची वेळ शेतीच्या मोटारींना थ्री-फेज मिळण्याच्या पाळीशी जुळत असेल तर दोष लाइनीकडे आहे. वेळ कोणतीही असो, जड गेम लावला की दहा मिनिटांत बंद पडतोच, असं असेल तर दोष पीसीत आहे.

बंद पडल्यावर पीसी काय करतो तेही लिहा. आपोआप परत सुरू होत असेल तर बहुधा वीज क्षणभर खाली आली. मेल्यासारखा पडून राहत असेल, मागचं बटण बंद करून थोड्या वेळाने चालू केल्यावरच उठत असेल, तर एसएमपीएसने आतलं संरक्षण वापरून स्वतःला बंद केलं असण्याची शक्यता जास्त. हा पक्का नियम नाही, पण दिशा दाखवतो.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (पीसीतल्या घडामोडींची नोंदवही) "कर्नल-पॉवर ४१" अशी नोंद सापडेल. तिच्यातला बगचेक कोड (बिघाडाचा क्रमांक) शून्य असेल तर विंडोजला काही कळायच्या आत वीज गेली, एवढाच त्याचा अर्थ. पुष्कळ जण ती नोंद पाहून लगेच एसएमपीएस खराब ठरवतात. नोंद फक्त वीज गेली म्हणते, कोणामुळे गेली ते सांगत नाही.

बोर्ड, प्लग, एक्स्टेन्शन

पीसीचा प्लग थेट भिंतीतल्या थ्री-पिन बोर्डात लावा. मधला एक्स्टेन्शन, मल्टिप्लग, टू-पिनचा टॉप सगळं काढा. सॉकेट ढिलं असेल, प्लग हलवला की तडतडत असेल, किंवा अर्धा तास खेळल्यावर प्लग गरम लागत असेल, तर दोष सापडला. ढिल्या जोडाला रेझिस्टन्स असतो. करंट वाढला की तिथेच व्होल्टेज पडतं आणि तिथेच उष्णता होते. डेस्कटॉपवर नुसता बसलेला पीसी तिथून निभावून जातो, गेममध्ये नाही. सॉकेट बदलायला फार खर्च येत नाही.

कूलर आणि पीसी एकाच एक्स्टेन्शनवर असतील तर आजच वेगळे करा. मोटर सुरू होताना चालू करंटच्या कितीतरी पट करंट ओढते, आणि तेवढा क्षण पीसीच्या वाट्याचं व्होल्टेज खाली जातं.

अर्थिंग

झिणझिण्या येतात म्हणजे एसएमपीएस खराब असं नाही. प्रत्येक चांगल्या एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो. त्यातले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून कॅबिनेटला जोडलेले असतात, म्हणजे खराब लहरी अर्थमध्ये जाव्यात. अर्थच नसेल तर कॅबिनेट पुरवठ्याच्या निम्म्या, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्टेजवर येऊन बसतं. करंट फार थोडा असल्यामुळे माणसाला नुसती झिणझिण जाणवते. धोका पुढे आहे. उद्या आत खरंच फेज कॅबिनेटला लागली तर तिला जमिनीत जायला वाट नाही, आणि ती वाट तुमच्या हातातून होईल. डिश टीव्हीला जोडलेल्या टीव्हीची एचडीएमआय वायर अशा पीसीत लावताना पोर्ट जळाल्याची उदाहरणंही माझ्याकडे येतात.

कित्येक घरांत बोर्डाला तिसरं भोक असतं, मागे वायरच नसते. काही ठिकाणी तर अर्थ आणि न्यूट्रल बोर्डातच एकमेकांना जोडून दिलेले असतात, आणि मीटर लावून पाहिलं की सगळं छान दिसतं. हे फार वाईट काम आहे. ज्या दिवशी न्यूट्रल तुटेल त्या दिवशी त्या बोर्डावरचं प्रत्येक लोखंडी कॅबिनेट फेज होईल. अर्थिंगचं काम लायसनवाल्या वायरमनकडूनच करून घ्या. त्याला दोन गोष्टी सांगा: न्यूट्रल आणि अर्थ बोर्डात जोडलेले नाहीत हे पाहून मग त्यांच्यामधलं व्होल्टेज मोजून दाखव (दोन-तीन व्होल्टच्या आत हवं), आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळाला की लाइन कापणारा स्विच) बसव. अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत चला. आपली काळी जमीन वाळून भेगाळली की अर्थही कमजोर होतो.

इन्व्हर्टर: एक बटण आणि एक हिशेब

तिसरं लक्षण असेल, म्हणजे लाइन जाताच फक्त पीसी बसत असेल, तर इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे एक छोटं बटण शोधा. त्यावर एका बाजूला "यूपीएस" आणि दुसऱ्या बाजूला "नॉर्मल", "इको" किंवा "वाइड" असं लिहिलेलं असतं. ते यूपीएसकडे करा. कितीतरी पीसी एवढ्यावर बरे होतात.

असं का होतं ते समजून घ्या, कारण पुढे एसएमपीएस निवडताना हेच कामी येणार आहे. एसएमपीएसच्या आत एक मोठा कपॅसिटर असतो. अंगणातला रांजण जसा नळ गेल्यावर थोडा वेळ घर भागवतो, तसा हा कपॅसिटर वीज गेल्यावर थोडा वेळ पीसी चालवतो. एटीएक्सच्या, म्हणजे पीसीच्या एसएमपीएससाठी ठरलेल्या नियमावलीत हा वेळ १६-१७ मिलिसेकंद धरला आहे, म्हणजे आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेच्या एका आवर्तनापेक्षाही कमी. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर साधारण १० मिलिसेकंदांत लाइन उचलतो. नॉर्मल मोडमध्ये त्याला २० पेक्षा जास्त लागू शकतात. पंख्याला ते कळतही नाही, पीसी मात्र तोवर बसलेला असतो.

यूपीएस मोडचा एक तोटा आहे. लाइन साधारण १८० च्या खाली गेली की इन्व्हर्टर ती नाकारतो आणि बॅटरीवर जातो. संध्याकाळी व्होल्टेज तासन्‌तास कमी राहत असेल तर बॅटरी उतरेल. अशा घरात पीसीपुरता वेगळा यूपीएस ठेवणं बरं.

तो घेताना हिशेब करा. दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपासच देतो. गेमिंग पीसी आणि मॉनिटर मिळून तेवढं सहज ओढतात. मग लाइन गेली की यूपीएस शिट्टी मारून बंद होतो आणि दोष एसएमपीएसवर येतो. पीसी खरंच किती वॅट ओढतो ते धरा आणि त्याहून निदान तीसेक टक्के जास्त वॅटचा यूपीएस घ्या. व्हीएचा आकडा सोडून द्या, वॅटचा वाचा. जमल्यास प्युअर साइन वेव्ह, म्हणजे लाइनीसारखी गोलसर लहर देणारा घ्या. अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचे (लाइनीतून करंट एकसारखा ओढण्याची सोय असलेले) काही एसएमपीएस साध्या यूपीएसच्या चौकोनी लहरीवर गुरगुरतात, काही बंदच पडतात.

धूळ, कापूस, उन्हाळा

पीसी बंद करा, प्लग काढा, बाजूचं झाकण उघडा. एसएमपीएसचं झाकण उघडायचं नाही, फक्त कॅबिनेटचं.

आपल्याकडची धूळ वेगळी आहे. दिवाळीच्या आसपास सोयाबीनच्या थ्रेशरचा भुसा हवेत असतो. त्यानंतर घरात कापूस भरून ठेवलेला असतो आणि त्याचे तंतू उडत राहतात. हे तंतू जाळीवर नमद्यासारखे बसतात. हल्लीच्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस खाली असतो आणि तळाच्या जाळीतून हवा ओढतो, म्हणजे सगळ्यात जास्त कचरा त्याच्याच तोंडी. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, वीतभर उंच लाकडी पाटावर ठेवा. तळाची जाळी कापसाच्या हंगामात दर पंधरवड्याला काढून झटका. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं काडीने अडवून धरा. पंखा हवेने वेगात फिरवला की बेअरिंग खराब होतं.

मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या बसवून घ्या. पाल आत शिरून मदरबोर्डावर जळून मेलेली मी बरेचदा काढतो, आणि तिच्यासोबत मदरबोर्डही जातो.

मे महिन्यात यवतमाळ, अकोला, चंद्रपूरकडे पारा ४५ च्या आसपास असतो. टिनाच्या खोलीत त्याहून जास्त. बऱ्याच एसएमपीएसचं वॅटेज ४० अंशांवर मोजलेलं असतं, चांगल्यांचं ५० वर, आणि स्वस्तातल्या काहींचं २५ वर. २५ वर मोजलेला ५०० वॅट आपल्या मे महिन्यात ५०० नसतो. पीसी फक्त उन्हाळी दुपारी बंद पडत असेल तर कॅबिनेट भिंतीपासून हातभर दूर घ्या, झाकण काढून एकदा खेळून पाहा. फरक पडला तर उपाय हवा खेळती ठेवण्यात आहे. कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर मात्र घेऊ नका. ओलसर हवा धुळीचा चिखल करून बोर्डावर लिंपते.

आतल्या वायरी

२४ पिनची मोठी वायर, प्रोसेसरजवळची ४+४ पिन आणि ग्राफिक्स कार्डाची ६ किंवा ८ पिन, या तिन्ही काढून परत कट्ट आवाज येईपर्यंत बसवा. पिन काळवंडली असेल, प्लास्टिक पिवळं पडलं किंवा वितळलं असेल तर ती वायर पुन्हा वापरायची नाही.

इथे एक गोष्ट फार आढळते. जुन्या एसएमपीएसला ८ पिनची वायर नसते म्हणून दुकानदार साटा किंवा मोलेक्सवरून (हार्ड डिस्कसारख्या भागांना वीज देणारे जोड) बनवलेलं कन्व्हर्टर देतो. साटाच्या जोडात १२ व्होल्टच्या तीन पिन, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. म्हणजे साडेचार अँपिअर, ५४ वॅट. कार्ड ६ पिनमधून ७५ आणि ८ पिनमधून १५० वॅट मागू शकतं. उरलेलं गणित वितळलेलं प्लास्टिक सांगतं. एसएमपीएसला योग्य वायर नाही, याचा अर्थ तो त्या कार्डासाठी बनलेलाच नाही.

मॉड्युलर, म्हणजे वायरी काढता-लावता येणारा एसएमपीएस असेल तर एका कंपनीच्या वायरी दुसऱ्या कंपनीच्या डब्याला लावू नका. खोबण तीच असते, बसतेही, पण एसएमपीएसच्या बाजूची पिनांची रचना कंपनीगणिक वेगळी. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की एसएसडी आणि त्यातला डेटा दोन्ही जातात.

कार्डाची ताकद कमी करून पाहा

माझ्या मते ही सगळ्यात कामाची तपासणी आहे, आणि हिला पैसा लागत नाही. एमएसआय आफ्टरबर्नर हे ग्राफिक्स कार्ड आवरण्याचं सॉफ्टवेअर टाका, पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा, गेममध्ये फ्रेम रेट ६० वर बांधा. आता तोच गेम, त्याच वेळी, तासभर खेळा. बंद पडायचं थांबलं तर कार्ड ठीक आहे, विंडोज ठीक आहे. अडचण वीज पोचवण्यात आहे: एसएमपीएस, त्याच्या वायरी किंवा भिंतीतला जोड. तरीही तसाच बंद पडत असेल तर एसएमपीएसचा विचार थोडा बाजूला ठेवा आणि प्रोसेसरचं तापमान, रॅम, मदरबोर्ड यांच्याकडे वळा.

नवीन एसएमपीएससाठी पैसे जमेपर्यंत पीसी असाच चालवायलाही हरकत नाही. फ्रेममध्ये पडणारा फरक डोळ्याला फारसा जाणवत नाही.

मीटरने मोजणं

भिंतीतलं व्होल्टेज मोजायला बोर्डात खोचायचा डिजिटल व्होल्टमीटर मिळतो, तो घ्या. साध्या पिवळ्या मल्टिमीटरने मोजायचं झालं तर आधी नॉब एसी ७५० वर आहे का ते दोनदा पाहा. सवय नसेल तर हा नाद सोडा, वायरमनला बोलवा.

दिवसातून तीनदा मोजा: सकाळी, मोटारी चालू असताना, आणि रात्री अकरानंतर. पुरवठा २३० चा असायला हवा. ज्या गावात शेतीचा आणि गावठाणाचा फीडर (वीज आणणारी मुख्य वाहिनी) वेगळा झालेला नाही, किंवा गावालगतच्या विहिरींच्या मोटारी गावच्याच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) आहेत, तिथे मोटारी सुरू झाल्या की तो १७० पर्यंत पडलेला मी पाहिला आहे. आता आपल्या एसएमपीएसचं लेबल वाचा. इनपुट "२००–२४०" लिहिलं असेल तर एटीएक्सच्या नियमाप्रमाणे त्याने १८० पर्यंत तग धरावा, त्याखाली त्याची जबाबदारी नाही. "१००–२४०" लिहिलं असेल तर तो १७० वरही बिनतक्रार चालतो. गावाकडच्या पीसीसाठी लेबलवरची ही ओळ मी वॅटच्याही आधी वाचतो.

दुसरा मुद्दा त्या मोठ्या कपॅसिटरचा. अ‍ॅक्टिव्ह पीएफसी नसलेल्या एसएमपीएसमध्ये तो लाइनीच्या व्होल्टेजप्रमाणे भरतो. साठलेली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असते, त्यामुळे २३० ऐवजी १७० वर ती जवळजवळ निम्मी होते. म्हणजे संध्याकाळी लाइन आधीच मंद, त्यात एक झटका, आणि साठा निम्मा. अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचा एसएमपीएस लाइन कितीही असली तरी आतला कपॅसिटर ३८० व्होल्टच्या आसपास भरून ठेवतो. दुसऱ्या लक्षणावर हाच खरा इलाज आहे. स्टॅबिलायझर लावून बरेचदा उलटं होतं: रिले कटकट करत टॅप बदलतो, आणि त्या बदलण्याच्या क्षणात पुन्हा पीसी बसतो.

आतलं १२ व्होल्ट मोजायला रिकाम्या मोलेक्सच्या पिवळ्या आणि काळ्या वायरीत प्रोब घाला, मीटर डीसी २० वर, आणि गेम चालवा. नियमात पाच टक्के इकडे-तिकडे चालतं: ११.४ ते १२.६. बसल्या जागी १२.१ आणि गेममध्ये ११.३ दाखवत असेल तर एसएमपीएस थकला. लाल वायरीवर ४.७५ ते ५.२५ हवं. पाचवं लक्षण असेल तर ही वायर जरूर मोजा. सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या व्होल्टेजवर भरवसा ठेवू नका, बोर्डावरचे सेन्सर पुष्कळदा चुकीचं दाखवतात. मीटरवर सगळं ठीक दिसलं तरी एसएमपीएस निर्दोष ठरत नाही, कारण मिलिसेकंदाचा झटका मीटरला पकडता येत नाही. काही जण २४ पिनच्या जोडातल्या हिरव्या वायरीला क्लिप लावून एसएमपीएसचा पंखा फिरवून दाखवतात, त्याने तर काहीच सिद्ध होत नाही. तो डबा पूर्ण मेलेला नाही, एवढंच कळतं.

शेवटची खात्री एकच: मित्राचा चांगला चालणारा एसएमपीएस, त्याच्या स्वतःच्या वायरींसह, दोन दिवसांसाठी आणून लावणे. तो लावून पीसी बंद पडायचं थांबलं, तर आता खुशाल नवीन घ्या.

चौथ्या लक्षणाला एवढी तपासणी लागत नाही. भिंतीतला बोर्ड आणि पीसीचं बटण ठीक असेल आणि तरी सकाळी दोन-तीनदा दाबावं लागत असेल, तर आतले कपॅसिटर वाळत आले आहेत. हिवाळ्यात ते लवकर उघडं पडतं. चालतोय तोवर बदला.

नवीन घेताना

"किती वॅटचा घेऊ" हा प्रश्न सगळे विचारतात. मी लेबलवर १२ व्होल्टसमोरचे अँपिअर वाचायला सांगतो. कॅबिनेटसोबत येणाऱ्या डब्यावर मोठ्या अक्षरांत ४५० लिहिलेलं असतं आणि १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर. बारा गुणिले अठरा, २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात, त्यामुळे त्यांच्यासाठी हा डबा २१६ चाच आहे.

आपला हिशेब घालून पाहा. आय-फाइव्ह १२४००एफ जोरात असताना ११७ वॅट घेतो. आरटीएक्स ३०६० कार्ड १७० घेतं. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून पन्नास धरा. झाले ३३७. यावर ५५० चा, १२ व्होल्टवर निदान ४० अँपिअरचा एसएमपीएस भरपूर होतो. त्याच प्रोसेसरवर आरटीएक्स ४०६० असेल तर कार्ड ११५ च घेतं, एकूण २८२. जुनं आरएक्स ५८० कमी किमतीत मिळतं म्हणून पोरं घेतात, ते मात्र १८५ मागतं. वर मोकळी जागा ठेवतो ती दोन कारणांनी. आपला उन्हाळा हे एक, आणि कार्डं मिलिसेकंदापुरती आपल्या आकड्याच्या बरीच वर उडी मारतात हे दुसरं. आरटीएक्स ३०८० च्या वर्गातली कार्डं याबाबतीत फार तापट निघाली. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० ने म्हणून नियमच केला, की ४५० वॅटच्या वरच्या, ग्राफिक्स कार्डासाठी १६ पिनचा नवा जोड असलेल्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंद दुप्पट भार झेलला पाहिजे. मोठं कार्ड घेणार असाल तर डब्यावर एटीएक्स ३.० किंवा ३.१ पाहून घ्या. मधल्या कार्डांना त्याची गरज नाही.

८० प्लसचा शिक्का किती वीज उष्णतेत वाया जाते ते सांगतो. ३०० वॅट द्यायला ८५ टक्क्यांचा डबा भिंतीतून ३५३ ओढतो, ९० टक्क्यांचा ३३३. वीस वॅटचा फरक, आणि तो सगळा डब्यातच तापतो. विजेच्या बिलात तो फार दिसणार नाही, पण ४५ अंशांत दिसतो, कारण कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांमागे साधारण निम्मं होतं. १०५ अंशांचे कपॅसिटर लिहिलेले असतील तर ८५ वाल्यापेक्षा तोच घ्या. मात्र शिक्का संरक्षणाबद्दल किंवा व्होल्टेज किती स्थिर आहे याबद्दल काही सांगत नाही. त्यासाठी वॉरंटी पाहा. जी कंपनी पाच वर्षं देते तिला आपल्या डब्याची खात्री असते.

माझी पसंती म्हणून सांगतो: गावात राहत असाल तर ६५० चा साधा घेण्याऐवजी ५५० चा, १००–२४० इनपुटचा, अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचा, ४० किंवा ५० अंशांवर मोजलेला घ्या. पैसे तेवढेच लागतात किंवा थोडे जास्त. उरलेले शंभरभर वॅट कधी वापरले जाणार नाहीत, इनपुटची रुंदी रोज संध्याकाळी वापरली जाईल.

इथे थांबा

एसएमपीएसचा डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही आतला कपॅसिटर तीनशेच्या वर व्होल्ट धरून राहू शकतो. आतला फ्यूज उडाला असेल तर तो सहसा दुसरं काहीतरी जळाल्यामुळे उडालेला असतो, नुसता फ्यूज बदलून भागत नाही. वॉरंटीत असेल तर कंपनीकडे पाठवा, नसेल तर भंगारात घाला.

जळका वास, एमसीबी पडणं, कॅबिनेटला नुसती झिणझिण नाही तर खरा झटका: आधी मेन बंद, मग वायरमन. पीसीवाल्याला नंतर बोलवा.

घरातले बल्ब एकाएकी लख्ख झाले, पंखे सुसाट सुटले, किंवा व्होल्टमीटर २६० च्या वर दाखवायला लागला, तर बाहेर न्यूट्रल तुटला असण्याची शक्यता आहे. तशा वेळी घरात ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात. मेन बंद करा, शेजाऱ्यांना सांगा, महावितरणला १९१२ वर कळवा किंवा लाइनमनला बोलवा. खांबावर, डीपीवर स्वतः काहीही करायला जाऊ नका. गावात हे वारंवार होत असेल तर मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या, तो मर्यादा ओलांडली की लाइन कापतो.

ढग गडगडायला लागले की बटण बंद करणं पुरत नाही. प्लग आणि इंटरनेटची वायर दोन्ही भिंतीतून काढा. विजेच्या कडकडाटानंतर पीसी पूर्ण मेला असेल तर नवा एसएमपीएस लगेच जोडू नका. मदरबोर्डही गेला असेल, म्हणून आधी तो तपासून घ्यावा लागतो. मदरबोर्ड, एसएमपीएस आणि दोन्हींची बिलं घेऊन जवळच्या मोठ्या दुकानात जा.